बुद्ध्यंकाचा कागद आणि आपली जबाबदारी



डी.एड.ला असताना शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा. बुद्ध्यंक काढण्याचे सूत्र लिहा व उदाहरणासह स्पष्ट करा. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले शंभर. मुलाचे शारीरिक वय ८ वर्षे, मानसिक वय ६ वर्षे, म्हणून बुद्ध्यंक ७५. गणित सोपं, मार्क हमखास. आम्ही सगळ्याजणी ते पाठ करून गेलो आणि पास झालो. पण असा एखादा आकडा हातात घेऊन कुणाची आई आपल्या वर्गाच्या दारात उभी राहिली, तर तिला काय सांगायचं, हे त्या पेपरात कुठेच नव्हतं.

हल्ली असे कागद शाळेत जास्त यायला लागले आहेत. कुणाचा बुद्धिमापनाचा अहवाल, कुणाचं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र, दहावीतल्या मोठ्या बहिणीच्या कल चाचणीचा निकाल. काही पालक तर बोटांचे ठसे देऊन आणलेली रंगीत फाईल घेऊन येतात. चाचणी वाईट अशी माझी समजूत नाही. योग्य चाचणीमुळे मार्गी लागलेली मुलं मी पाहिली आहेत. पण चाचणी करणाऱ्याचे काही नियम असतात, नीतीचे दंडक असतात, आणि ते पालकांना आणि आपल्यालाही माहीत असायला हवेत. म्हणून हा लेख.

सूत्रामागची गोष्ट

आपण बुद्धिमापन म्हटलं की आल्फ्रेड बिने यांचं नाव लिहितो. बिने पॅरिसचे. १९०४ साली फ्रान्स सरकारने एक समिती नेमली. शाळा सगळ्यांसाठी सक्तीची झाली होती आणि काही मुलं नेहमीच्या वर्गात मागे पडत होती. अशी मुलं ओळखायची कशी? तोपर्यंत हे शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या मतावर चालायचं. शिक्षकाला नकोसं झालेलं मूल ‘मंद’ ठरायला वेळ लागत नसे. बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासोबत १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारी ३० कामं तयार केली. हेतू एकच होता, की ज्या मुलाला जास्तीची मदत लागते ते मूल सापडावं आणि त्याला ती मदत मिळावी.

गंमत म्हणजे ज्या सूत्रासाठी आपण बिनेंचं नाव घेतो, ते सूत्र त्यांचं नाही. मानसिक वयाला शारीरिक वयाने भागायची कल्पना जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली. त्याच्या आदल्या वर्षीच बिने वारले होते. त्याला शंभराने गुणून आजचा बुद्ध्यंक रूढ केला तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी, १९१६ साली. बिनेंना तर बुद्धी जन्मापासून ठरलेली आणि न बदलणारी असते हेच मान्य नव्हतं. लक्ष, स्मरण आणि विचार सुधारावेत म्हणून मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी व्यायामासारखे सराव तयार केले होते. म्हणजे त्यांच्या मनात चाचणीच्या पाठोपाठ शिकवणं होतं.

पुढे मात्र उलटं घडलं. हेन्री गॉडार्ड यांनी ही चाचणी अमेरिकेत नेली. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या परदेशी लोकांना दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले गेले. थकलेली, घाबरलेली, इंग्रजी न येणारी गरीब माणसं. त्यातली पुष्कळशी ‘मंदबुद्धी’ ठरवली गेली. जी चाचणी मदत मिळावी म्हणून निघाली, ती दार लावायच्या कामाला लागली. आपल्या विषयातला मुख्य मुद्दा मला इथेच दिसतो. चाचणीनंतर मुलाला काय मिळालं, यावरून ती चांगली वापरली की वाईट, हे ठरतं.

मराठी मुलांची चाचणी

पॅरिसच्या मुलासाठी केलेले प्रश्न आपल्याकडच्या मुलाला जसेच्या तसे चालत नाहीत. हे ओळखून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीचं रूपांतर केलं. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये आलं. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आजही अहवालांत दिसतं. दुसरं नाव नागपूरचं. डॉ. आर्थर मालिन यांनी वेश्लर यांच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप नागपुरात तयार केलं. ती ‘मिसिक’ नावाने ओळखली जाते. तिच्यात तोंडी प्रश्नांचा एक भाग आणि हाताने करायच्या कामांचा एक भाग असतो.

या दोघांनी नुसतं भाषांतर केलं नाही. इथल्या मुलांवर चाचणी करून पाहिली आणि अमुक वयाचं मूल साधारण किती करतं याची मानके, म्हणजे आपण ज्यांना नॉर्म्स म्हणतो ती, ठरवली. मुलाची तुलना नेमकी कोणाशी केली आहे, हे या मानकांवरून कळतं. मानकं जुनी झाली किंवा दुसऱ्याच मुलांची असली, तर आकडा बरोबर मोजूनही चुकीचा अर्थ देतो. डी.एड.ला शिकलेले विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द इथे आठवावेत. तराजू रोज सारखंच वजन दाखवतो, ही विश्वसनीयता. पण आपल्याला लांबी मोजायची असेल तर तो तराजू कितीही चांगला असला तरी काय कामाचा? ज्यासाठी घेतली तेच चाचणी मोजते का, ही सप्रमाणता.

माझ्या वर्गातला एक मुलगा

मी खानदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात एक मुलगा आला. त्याचं नाव, गाव आणि ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट मी इथे लिहिणार नाही, काही तपशील बदललेही आहेत. त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. हा ज्या विषयावरचा लेख आहे, त्याचाच तो पहिला नियम आहे.

आधी तो तालुक्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता. आईने प्लास्टिकच्या पिशवीतून, रेशनकार्डासोबत जपून ठेवलेला एक कागद काढला. बुद्ध्यंक ६९. खाली एक ओळ, विशेष शाळेची शिफारस. चाचणीचं नाव नाही. घेणाऱ्याची सही होती, पण पदवी वा नोंदणी क्रमांक नव्हता. शाळेतच अर्ध्या तासात चाचणी झाली, प्रश्न इंग्रजीत होते. चाचणी होणार हे आईवडिलांना आधी सांगितलंच नव्हतं. निकाल पालकसभेत, इतर पालकांसमोर वाचून दाखवला. घरी अहिराणी बोलणारी ती माउली मला एकच विचारत होती, “मन्हा पोऱ्या येडा शे का, मॅडम?”

मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. बुद्ध्यंक काढणं किंवा खोडणं माझं काम नाही. मी तिला म्हटलं, “ताई, मला आधी त्याला बघू द्या.” आणि दीड महिना वहीत नोंदी केल्या. दुकानातून सामान आणून उरलेल्या पैशांचा हिशेब तो बरोबर द्यायचा. खेळात डाव लक्षात ठेवायचा. वाचताना जोडाक्षराला अडायचा. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की सूचना त्याला कळायची नाही, समोर उभं राहून सांगितलं की कळायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणायचा, “मला नाय येत.” ती वही घेऊन मी गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटले. त्यांनी जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवला.

तिथल्या मानसतज्ज्ञ मॅडमनी चाचणीची पेटी उघडलीच नाही. आधी विचारलं, “कान आणि डोळे तपासलेत का?” तपासलं तर दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलेलं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत हे होतं म्हणे. ऐकू येतं, पण अंधुक. उपचार झाले, काही महिने गेले, मग चाचणी झाली. दोन सकाळी थोडी थोडी. मराठीत, आणि अहिराणीत उत्तर दिलं तरी चाललं. आईशी स्वतंत्र बोलणं झालं. घरी तो स्वतःची कामं किती करतो, व्यवहार किती जमतो, हे विचारण्यासाठी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी असते, तीही भरली. कारण बौद्धिक अक्षमता नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, मुलाचं रोजचं जगणंही पाहावं लागतं.

अहवाल चार पानांचा आला. बुद्ध्यंक ८८, आणि लगेच पुढे लिहिलं होतं की हा साधारण ८३ ते ९३ च्या दरम्यान धरावा. वयाच्या मानाने सर्वसाधारण, थोडा खालच्या बाजूला. वाचनाची अडचण खरी आहे, तिच्यासाठी वेगळी तपासणी पुढच्या वर्षी करू. मग दीड पान शिफारशी. पुढच्या बाकावर बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला, अक्षर-आवाजाचा रोज दहा मिनिटं सराव घ्या, वगैरे. मॅडमनी सगळा अहवाल आईला समोर बसवून मराठीत समजावला.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. तो आता चांगला शिकतो, पण जोडाक्षराला अजून अडतो. आणि “मला नाय येत” हे वाक्य सुटायला कानातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले. सभेत वाचलेला आकडा त्यानेही ऐकला होता. तेवढं मात्र त्याला नीट ऐकू गेलं होतं.

आकड्याला पासंग असतो

वाण्याच्या तराजूला पासंग असतो हे आपल्याला ठाऊक आहे. मानसशास्त्रीय चाचणीलाही असतो. मूल त्या दिवशी उपाशी असेल, तापातून उठलं असेल, समोरच्या अनोळखी माणसाला बुजलं असेल, तर आकडा हलतो. सगळं नीट असलं तरी थोडा हलतोच. म्हणून चांगला अहवाल एकच आकडा देऊन थांबत नाही, ‘या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत’ असं सांगतो. ६९ आणि ७१ यांत मुलाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, पण ७० ला रेघ मारून दोन कप्पे केले की त्याचं आयुष्य बदलू शकतं.

भाषा आणि घरची परिस्थिती हा तर मोठाच पासंग. कॅलिफोर्नियात एके काळी बुद्ध्यंकाच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना फार मोठ्या प्रमाणात ‘मंदगती’ मुलांच्या वर्गात टाकलं जात होतं. पालक कोर्टात गेले. ‘लॅरी पी.’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९७९ साली न्यायालयाने त्या मुलांना अशा वर्गात घालण्यासाठी बुद्धिमापन चाचण्या वापरायला बंदी केली. आपल्याकडे अहिराणी, गोरमाटी, पावरी, कोरकू बोलणारी मुलं प्रमाण मराठीच्या नाहीतर थेट इंग्रजीच्या प्रश्नाला बसतात, तेव्हा हा खटला आपल्यालाही लागू आहे असं मला वाटतं.

नियम काय सांगतात

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५३ मध्ये आपली पहिली लिखित आचारसंहिता काढली. तेव्हापासून त्यात बदल होत गेले, पण चाचणीबाबतची मूळ तत्त्वं सगळीकडे साधारण सारखीच आहेत. ती आपल्या भाषेत अशी:

१. संमती. चाचणी का, कोणती, निकाल कोणाला कळणार, हे पालकांना आधी सांगायचं आणि त्यांची लेखी परवानगी घ्यायची. मुलालाही त्याला समजेल असं सांगायचं. ‘हा खेळ आहे’ असं खोटं सांगून बसवायचं नाही.

२. पात्रता. निदानासाठी चाचणी घेणारी व्यक्ती त्यासाठी शिकलेली हवी. आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको.

३. योग्य साधन. मुलाचं वय, भाषा, ऐकणं-दिसणं आणि परिस्थिती यांना जुळणारी चाचणीच वापरायची.

४. गोपनीयता. निकाल मुलाचा आणि पालकांचा आहे. ज्या शिक्षकाला मदतीसाठी तो लागतो, त्यालाच आणि लागेल तेवढाच कळावा.

५. चाचणीची सुरक्षितता. प्रश्न बाहेर फुटले की चाचणी निकामी होते. या लेखात मी एकही प्रश्न उदाहरण म्हणून दिला नाही, तो याचसाठी. शिक्षकांच्या ग्रुपवर ‘बुद्धिमापन चाचणी पीडीएफ’ फिरत असते. कृपया ती पुढे पाठवू नका आणि वर्गावर वापरू तर नकाच.

६. समजावून सांगणं. अहवाल हातात देऊन काम संपत नाही. पालकांना कळेल अशा भाषेत अर्थ सांगायचा.

७. एका चाचणीवर मोठा निर्णय नाही. शाळा बदलणं, वर्ग बदलणं असे निर्णय निरीक्षण, वैद्यकीय तपासणी आणि पालकांचं म्हणणं हे सगळं एकत्र पाहूनच घ्यायचे.

यात कायदाही आपल्या बाजूला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणं आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करणं, हे शाळेचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलं आहे. लवकर ओळखा, पण शिकवण्यासाठी. बिनेंचं म्हणणं तरी वेगळं काय होतं?

बोटांचे ठसे आणि कल चाचणी

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगते. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, स्वभाव, करिअर सांगणाऱ्या ज्या चाचण्या काही हजार रुपयांना विकल्या जातात, त्यांना शास्त्रीय आधार नाही. ठशावरून माणसाची ओळख पटते, तो गणितात हुशार होईल की संगीतात हे समजत नाही. फाईल चकचकीत असते आणि त्यात प्रत्येक मुलाबद्दल काहीतरी गोड लिहिलेलं असतं, म्हणून ती खरी वाटते. त्या पैशांत मुलाला वर्षभराची गोष्टींची पुस्तकं येतील.

कल चाचणी वेगळी. आपल्या राज्यात दहावीच्या मुलांसाठी २०१६ पासून काही वर्षे ती सरकारी पातळीवर घेतली गेली. कल म्हणजे ओढा. मुलाला कशात रस आहे ते ती विचारते. रस आणि क्षमता एकच नव्हेत, आणि पंधराव्या वर्षीचा रस विसाव्या वर्षी बदलू शकतो. “निकालात कला आलंय, आता सायन्सला घालायचं नाही” असं एका पालकांनी मला सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, “तिचं काय म्हणणं आहे?” कल चाचणीचा खरा उपयोग असं बोलणं सुरू करण्यासाठी आहे.

आपण काय करू शकतो

‘तारे जमीं पर’ २००७ मध्ये आला आणि आपल्या स्टाफरूममध्ये डिस्लेक्सिया हा शब्द आला. चांगलं झालं. पण तेव्हापासून उलटं अक्षर काढणाऱ्या प्रत्येक पोराला आपण ‘तो ईशान आहे’ म्हणू लागलो, हेही खरं. पहिली-दुसरीत अक्षरं उलटी काढणं बऱ्याच मुलांत असतं आणि आपोआप जातं. निदान हा शब्द आपला नाही. आपला शब्द नोंद. मूल कुठे अडतं, कशाने सुटतं, कधी छान करतं, हे तारखेसह लिहिलेली वही तज्ज्ञाच्या अर्ध्या तासापेक्षा पुष्कळदा जास्त सांगते. कारण आपण त्या मुलाला वर्षातले दोनशे दिवस बघतो.

पालकांशी बोलताना ‘तुमचा मुलगा कमी आहे’ असं न म्हणता ‘तो इथे अडतोय, आपण तपासून घेऊ या का’ असं विचारावं. बोलणं दार लावून, दोघांतच. आधी कान-डोळे, मग बाकीचं. आणि तपासणी करा असं सांगून मोकळं व्हायचं नाही, अहवाल आल्यावर परत बसायचं.

जूनमध्ये नवीन मुलांचे दाखले येतात. काहींसोबत असे अहवालही असतात. ते हजेरीपत्रकात खोचून ठेवू नका, कपाटात कुलपात ठेवा. स्टाफरूमच्या चहात त्यावर चर्चा नको, ग्रुपवर फोटो तर नकोच. आणि वाचायला घ्याल तेव्हा पहिल्या पानावरच्या आकड्याआधी शेवटचं पान उघडा, जिथे शिफारशी असतात. त्यातलं सोमवारपासून वर्गात काय करता येईल, ते एका ओळीत वहीत लिहा. शेवटचं पान कोरंच असेल, तर तो अहवाल पुरा झालेला नाही असं समजा आणि ज्याने दिला त्याला, पालकांना सोबत घेऊन, जाऊन विचारा.